लेब्लांकच्या करीचे गोत्र

१/
२०१६ साली जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पर्सोना ५’ या व्हिडिओ गेमचा नायक एक शाळकरी मुलगा आहे. खोट्या आरोपामुळे त्याच्या नावाला बट्टा लागतो, जुनी शाळा त्याला काढून टाकते आणि टोकियोतील ‘लेब्लांक’ नावाच्या लहानशा कॉफीगृहाच्या माळ्यावर त्याला वर्ष काढावे लागते. मालक सोजिरो साकुरा तुटक बोलणारा, काहीसा संशयी. तरीही नव्या शाळेच्या सकाळी तो या मुलापुढे जेवण ठेवतो: पांढरा भात आणि त्यावर दाट, तपकिरी करी.

२/
पुढे ही करी करायला तो मुलगा स्वतः शिकतो. खेळात ती खाल्ली की सोबत्यांची खर्ची पडलेली शक्ती भरून येते. जगभरच्या चाहत्यांनी ती आपापल्या स्वयंपाकघरांत करून पाहिली आहे. मात्र पडद्यावरच्या पदार्थाला वास नसतो आणि चवही नसते. त्यामुळे प्रत्येकापुढे एकच प्रश्न उभा राहतो: अस्सल लेब्लांक करी कोणती? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, कारण मूळ चव न चाखलेल्या माणसांनी अंदाजाने पुन्हा रांधणे हीच या पदार्थाची वंशावळ आहे.

३/
वंशावळीचे एक जुने पान गोव्यात सापडते. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात नारळाच्या रसात शिजवलेल्या ‘कारील’चा उल्लेख केला. १५८०च्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने भातावर ओतल्या जाणाऱ्या, किंचित आंबट अशा माशांच्या रश्शाचे वर्णन केले आणि तेच नाव नोंदवले. गोव्याच्या घरांत आजही रोज शिजणारी शीत-कडी ओळखायला यापेक्षा अधिक खुणा लागत नाहीत.

४/
या शब्दाचे मूळ बहुधा तमिळ ‘करी’त आहे. युरोपीय कानांनी मात्र तो एका विशिष्ट पदार्थाचे नाव म्हणून ऐकला नाही. मसाल्याचा जो जो रस्सा दिसला त्या सर्वांवर त्यांनी हेच एक नाव चिकटवले. कालवण, सार, आमटी, कोरमा, कोळंबीचे हुमण या सगळ्यांचे वेगळेपण त्या नावाखाली पुसले गेले. पुढच्या प्रवासात निघाली ती ही नावापुरती ‘करी’.

५/
१७४७ साली लंडनमध्ये हॅना ग्लास हिचे पाककृतींचे पुस्तक निघाले. त्यात ‘हिंदुस्थानी पद्धतीची करी’ आहे. पहिल्या आवृत्तीतील मसाला अगदी साधा: मिरी आणि भाजलेले धणे. १७८४ साली लंडनच्या पिकॅडिली भागातील एका दुकानाने तयार करी पावडरीची जाहिरात केली. पाटा-वरवंटा नाही, रोजचे ताजे वाटण नाही. त्यामुळे इंग्रज घरांना डबाबंद भुकटीच सोयीची होती. रस्सा दाट करण्यासाठी त्यांनी आपल्या ओळखीची युक्ती वापरली: लोण्यात परतलेला मैदा.

६/
१८५९ साली योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले आणि इंग्रजांबरोबर त्यांची खाद्यसंस्कृतीही जपानात आली. बौद्ध प्रभावामुळे तेथे शतकानुशतके मांसाहारावर बंधने होती. १८७२च्या जानेवारीत सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले. पाश्चात्त्यांच्या बरोबरीने उभे राहायचे तर त्यांच्यासारखे खाल्ले पाहिजे, असा तो काळ होता. करीही या पाश्चात्त्य अन्नाचाच भाग म्हणून आली. भारताशी असलेले तिचे नाते जपानी ताटात जवळजवळ दिसतच नव्हते.

७/
त्याच १८७२ साली पाश्चात्त्य स्वयंपाकाची दोन जपानी पुस्तके प्रसिद्ध झाली आणि दोन्हींत करी होती. एका कृतीत कांद्याच्या पातीसारखी भाजी, आले, लसूण आणि लोणी यांच्याबरोबर कोंबडी, कोळंबी, कालवे आणि चक्क बेडूकही आहे. शेवटी करी पावडर आणि पाण्यात कालवलेले पीठ. आज ही यादी विचित्र वाटते. पण मूळ पदार्थ न चाखता केवळ वर्णनावरून रांधणाऱ्यांची अडचण तिच्यात स्पष्ट दिसते.

८/
करी जपानी झाली त्यामागे मृत्यूची छाया होती. पांढऱ्याशुभ्र, सडलेल्या तांदळावर जगणाऱ्या जपानी खलाशांना बेरीबेरी होत असे: पाय सुजत, हातापायांतील बळ जाई, अखेर हृदय थांबे. १८८३ साली ‘र्‍युजो’ हे प्रशिक्षण जहाज लांबच्या सफरीवरून परतले तेव्हा ३७६ जणांपैकी १६९ आजारी पडलेले होते आणि २५ जण दगावले होते. शत्रूची एकही गोळी न झेलता हे नौदल खचत होते.

९/
लंडनमध्ये शिकून आलेला नौदलाचा वैद्य ताकाकी कानेहिरो याला दोष आहारात आहे असे वाटले. १८८४ साली ‘त्सुकुबा’ हे जहाज त्याच मार्गाने पाठवण्यात आले, पण मांस, धान्य आणि भाज्यांचा समावेश असलेला निराळा शिधा देऊन. त्या सफरीत बेरीबेरीने एकही मृत्यू झाला नाही. ताकाकीला कारण प्रथिनांच्या कमतरतेत दिसले. खरे कारण ब१ जीवनसत्त्वाची उणीव हे होते. निदान चुकले, तरी उपाय लागू पडला.

१०/
करीने बेरीबेरी घालवली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण मांस, भाज्या आणि पीठ एकाच भांड्यात शिजवून भातावर वाढता येणारा पदार्थ या नव्या शिध्यात चपखल बसला. नौदलाच्या १९०८च्या पाकपुस्तकात ‘करी-भात’ आहे: गोमांस किंवा कोंबडी, कांदा, गाजर, बटाटा, चरबीत परतलेले पीठ आणि करी पावडर. लेब्लांकच्या करीचा सांगाडा येथे पूर्ण झाला.

११/
भरती झालेले शेतकऱ्यांचे मुलगे बराकीत हे जेवण जेवले आणि ती चव घेऊन गावी परतले. कांदा, बटाटा, गाजर तेव्हा जपानच्या शेतांत रुजत होते. बंदुका आणि बोटींबरोबर आलेला परका पदार्थ घरचा होऊ लागला. जपानच्या आजच्या सागरी दलात शुक्रवार हा करीचा वार असतो. समुद्रावर सगळे दिवस सारखे दिसतात, तेथे करीच्या ताटावरून वार कळतो.

१२/
या इंग्रजी वळणाच्या करीपुढे दुसरी करी मांडणारा माणूस निघाला तो भारतीय क्रांतिकारक. डिसेंबर १९१२मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंगवर बॉम्ब टाकण्याच्या कटामागे रासबिहारी बोस होते. १९१५च्या फेब्रुवारीत सैन्यात उठाव घडवण्याची गदर पक्षाची योजना फितुरीमुळे फसली. त्या योजनेत बोस यांचे निकटचे सहकारी होते पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे. मार्चमध्ये मेरठच्या छावणीत पिंगळे बॉम्बसह पकडले गेले.

१३/
बोस निसटले आणि जूनमध्ये खोट्या नावाने जपानला पोहोचले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात पिंगळे आणि कर्तारसिंग सराभा यांना फाशी देण्यात आले. त्यानंतर काही दिवसांतच, ब्रिटिशांच्या दबावामुळे, जपान सरकारने बोस यांच्या हद्दपारीचा आदेश काढला. जहाजात बसणे म्हणजे त्याच दोराकडे जाणे होते. अशा वेळी टोकियोच्या शिंजुकू भागातील ‘नाकामुराया’ या बेकरीचे मालक आइझो सोमा आणि त्यांची पत्नी कोक्को यांनी त्यांना आपल्या आवारात लपवले.

१४/
१९१८मध्ये सोमा दांपत्याची मुलगी तोशिको हिने बोस यांच्याशी विवाह केला. पाठलाग सुरूच होता. घरे बदलावी लागत. १९२३ साली बोस जपानी नागरिक झाले आणि हद्दपारीचे भय संपले. पण १९२५मध्ये तोशिकोचे निधन झाले. दोन लहान मुले, परतीची वाट बंद झालेला देश आणि आश्रय देणारे सासर एवढेच मागे उरले. १९२७मध्ये सोमांनी बेकरीला जोडून उपाहारगृह काढायचे ठरवले तेव्हा बोस यांनी भारतीय पद्धतीची करी वाढण्याचा आग्रह धरला.

१५/
ती करी मैद्याने दाट केलेली नव्हती. हाडासकट कोंबडी होती, मसाले वेगळे होते. इतरत्र करी-भात दहा-बारा सेनला मिळत असताना येथे तो ८० सेनला होता. तरीही लोक येत राहिले. मात्र जपानी जिभेसाठी भात जपानी तांदळाचा ठेवावा लागला. ‘अस्सल’ म्हणून मांडलेल्या ताटातही तडजोड होती. १९४५च्या जानेवारीत बोस यांचे टोकियोत निधन झाले. स्वतंत्र भारत त्यांनी पाहिला नाही. त्यांची करी नाकामुरायात आजही मिळते.

१६/
अस्सलपणाचा भ्रम दुसऱ्या बाजूनेही फुटला. जपानी खानावळींना ‘क्रॉस अँड ब्लॅकवेल’ या इंग्रज कंपनीचीच करी पावडर हवी असे. १९२३पासून मिनेजिरो यामाझाकी यांनी देशी पावडर बनवायला सुरुवात केली होती, पण तिला तो मान नव्हता. १९३१मध्ये इंग्रजी डब्यांत देशी भुकटी भरून विकली जात असल्याचे उघडकीस आले. खाणाऱ्यांना फरक कळलेला नव्हता. या फसवणुकीनेच देशी पावडरीची गुणवत्ता सिद्ध केली.

१७/
महायुद्धानंतर करी पूर्णपणे घरगुती झाली. वडीच्या रूपात मसाला आणि परतलेले पीठ एकत्र मिळू लागले. १९६३मध्ये सफरचंद व मध घातलेली, मुलांना रुचेल अशी ‘व्हरमाँट करी’ आली. १९६८मध्ये नुसती गरम करून खाण्याची ‘बॉन करी’ बाजारात आली. पुढे शाळांच्या जेवणातही करी नित्याची झाली. म्हणून जपानी माणसाला करी म्हटल्यावर परदेश आठवत नाही. आई, शाळा आणि हिवाळ्याची संध्याकाळ आठवते. खेळाच्या लेखकांनी घर गमावलेल्या मुलापुढे करीच का ठेवली, याचे उत्तर येथे आहे.

१८/
मराठी घरात ही करी करायची तर कृती सोपी आहे. कांदा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परतावा. कोंबडी, बटाटा, गाजर घालून पाण्यात मऊ शिजवावे. वेगळ्या कढईत लोण्यावर मैदा बदामी रंगाचा भाजून, आचेवरून उतरवून त्यात करी पावडर मिसळावी आणि हे मिश्रण रश्शात घोटावे. किसलेले सफरचंद किंवा चमचाभर कडक कॉफी घालावी. जपानी घरांत अशा गुप्त चवीला स्वतंत्र नावच आहे, ‘काकुशी-आजी’. भात चिकटसर हवा, म्हणून इंद्रायणी तांदूळ उत्तम.

१९/
कढीला बेसन लावणाऱ्या हाताला मैद्याचे हे दाटपण नवखे वाटणार नाही, आणि डब्यातली पिवळी भुकटी मात्र परकी वाटेल. ग्लासबाईंचे धणे, १८७२च्या पुस्तकातला बेडूक, बोस यांच्या करीसोबतचा जपानी भात: प्रत्येकाने हाताशी होते त्यातून दूरची चव उभी केली. त्यामुळे प्रमाण थोडे चुकले तरी खंत नसावी. सोजिरोने त्या सकाळी केले तेवढे जमले की पुरे: ताट वाढावे, आणि समोरच्याला त्याचा गुन्हा विचारू नये.