जालना औद्योगिक वसाहत व स्थानिक सार्वजनिक कामे : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

जालना शहरातील सार्वजनिक कामांचा इतिहास हा मुख्यतः पाण्याचा इतिहास आहे. निजाम राजवटीत, १९३० च्या दशकात बांधलेल्या घाणेवाडी जलाशयाचे पाणी केवळ उताराच्या आधारे शहरात येई. त्यासाठी पंपाची गरज नव्हती. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ अन्वये १९६२ मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि औद्योगिक क्षेत्रांतील रस्ते, गटारे व पाणीपुरवठा त्याच्याकडे आला. जालन्यातही हद्दीच्या आतील कामे महामंडळाची व शहरातील नगरपालिकेची, अशी विभागणी झाली. कागदोपत्री ती सोयीची होती. परंतु पोलाद कारखान्यांत राबणारा कामगार शहराच्याच नळावर अवलंबून होता.

२०१२ च्या दुष्काळात घाणेवाडी कोरडा पडला, तेव्हा या विभागणीची मर्यादा स्पष्ट झाली. पाणी नसल्याची झळ वसाहत व शहर या दोहोंनाही बसली. या काळात नागरिक व उद्योजकांनी एकत्र येऊन जलाशयातील गाळ काढला. शेतकऱ्यांनी तो शेतात नेला. हा उपक्रम निश्चितच स्तुत्य होय. तथापि गाळ काढणे हे मूलतः नित्य देखभालीचे काम. ते लोकसहभागावर यावे, ही बाब व्यवस्थापनाच्या दृष्टीने भूषणावह म्हणता येत नाही. २०१३ मध्ये जायकवाडीचे पाणी जलवाहिनीने जालन्यात आले. ते मात्र उताराने येत नाही, विजेवर उचलावे लागते.