मार्ग खुला करण्यापूर्वीची चाचणी : रोह्याचा रेल्वे-इतिहास आणि इंटरनेट

प्रस्तावना
दोन स्वतंत्र यंत्रणा जेथे जोडल्या जातात, तेथे वाहतूक कोणत्या नियमाने पुढे जावी हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पनवेल-पेणकडून येणारी मध्य रेल्वेची गाडी रोहा ओलांडल्यावर कोकण रेल्वेच्या हद्दीत जाते. इंटरनेटवरही निरनिराळ्या संस्थांची जाळी अशीच परस्परांना जोडलेली असतात. शेजारच्या जाळ्याने कळविलेले कोणते मार्ग स्वीकारावेत व कोणते पुढे कळवावेत, हे ठरविणाऱ्या नियमांना राउटिंग धोरण म्हणतात. असे नियम लागू करण्यापूर्वी तपासण्याची गरज प्रस्तुत लेखात रोह्याच्या इतिहासाच्या आधारे मांडली आहे.

लोहमार्गाचा अनुभव
लोहमार्ग १९८६ साली रोह्यापर्यंत आला. १५ सप्टेंबर १९९० रोजी येथेच कोकण रेल्वेची पायाभरणी झाली. रोहा-वीर टप्पा १९९३ मध्ये, तर संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये खुला झाला. रेल्वे अधिनियम, १९८९ नुसार तपासणी व केंद्र सरकारची मंजुरी यांशिवाय नवा मार्ग प्रवाशांसाठी खुला करता येत नाही. तरीही २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीमुळे गाडी घसरून सुमारे ५० प्रवासी मृत्युमुखी पडले. आरंभीची तपासणी पुढील प्रत्येक पावसाळ्याची हमी देत नाही, हे यावरून स्पष्ट होते. म्हणूनच या मार्गावर पावसाळ्यात वेगळे वेळापत्रक व कमी वेग असतो.

इंटरनेटचा अनुभव
राउटिंग धोरणांना रेल्वेसारखी सार्वत्रिक पूर्वमंजुरी लागत नाही. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत बंदीसाठी तयार केलेला मार्ग बाहेर कळविला गेला. वरच्या जाळ्याने तो न तपासता पुढे पाठविला आणि यूट्यूब जगाच्या मोठ्या भागात सुमारे दोन तास बंद पडले. बदलापूर्वीच परिणाम तपासण्यासाठी पुढे साधने निर्माण झाली. २०१५ मध्ये मांडलेले ‘बॅटफिश’ हे साधन राउटरच्या नियमावलींवरून जाळ्याची प्रतिकृती रचते व नवा नियम कोणती वाहतूक कोठे नेईल, हे आधीच दाखविते. परंतु साधनही सदोष असू शकते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकमध्ये चुकीचा आदेश रोखणाऱ्या तपासणी-प्रणालीतच दोष होता. परिणामी सेवा सुमारे सहा तास ठप्प झाली.

निष्कर्ष
पूर्वचाचणी अनिवार्य आहे, परंतु ती अंतिम नाही. प्रतिकृतीवर तपासलेला नियमही प्रथम मर्यादित भागात लागू करावा, त्यावर लक्ष ठेवावे आणि माघारीची वाट मोकळी ठेवावी. परिस्थिती बदलताच चाचणी पुन्हा घ्यावी, हाच कोकणातील पावसाळ्याने दिलेला धडा होय.