मोटारसायकलची झळाळी

मोटारसायकलच्या सायलेन्सरवर, हँडलवर, रिमवर जी किंचित निळसर चकाकी दिसते तिला सगळेच 'क्रोम' म्हणतात. हा भाग कशाचा बनवला आहे असे वर्गात विचारले तर काही मुले 'स्टीलचा' म्हणतील, काही 'क्रोमियमचा' म्हणतील. पहिले उत्तर बरोबर, दुसरे जवळजवळ चूक. वरचा क्रोमियमचा थर इतका पातळ असतो, की एका मिलिमीटरचे दोन हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा, बहुधा त्याहूनही कमी. आपल्या डोक्यावरचा केस त्याच्या शंभरपट जाड भरेल. त्याच्याखाली निकेलचा थर असतो, तो मात्र वीस-तीसपट जाड असू शकतो. कधी त्याच्याही खाली तांबे, आणि मग पोलाद. गुळगुळीतपणा निकेलचा, रंग क्रोमियमचा, आणि ताकद पोलादाची, अशी ही वाटणी आहे.

हा पातळ थर येण्यापूर्वी गाडीची झळाळी टिकवणे हे मालकाचे काम होते. थर आल्यावर ते काम गेले असे आपण समजतो. ते खरोखर गेले का, हे जरा इतिहासात जाऊन पाहू.

जर्मनीत डाइमलर यांनी १८८५ मध्ये लाकडी चौकटीवर इंजिन बसवून दुचाकी चालवून दाखवली. विक्रीसाठी संख्येने तयार झालेली पहिली मोटारसायकल हिल्डेब्रांट आणि वोल्फम्युलर यांची, १८९४ ची, तीही जर्मनीतलीच. त्या काळात सायकलींची लाट आली होती आणि हँडल, पेडल, नट-बोल्ट निकेलने मढवण्याची पद्धत सायकलींवर रुळली होती. मोटारसायकलने ती तशीच उचलली. निकेलचा मुलामा विजेने कसा द्यावा याचे भरवशाचे तंत्र अमेरिकेतील आयझॅक अ‍ॅडम्स यांनी १८६९ च्या पेटंटाने उद्योगाच्या हाती दिले होते. दिवे पितळेचे असत, कार्बाइडवर चालणारे.

निकेल गंजत नाही, पण मळकट होते. कोळसा जाळणाऱ्या शहरांच्या हवेत गंधकाचा वायू भरपूर असे. दमट हवेत तो निकेलवर बसला की त्यावर पिवळसर, धुरकट साय धरते. पितळ तर त्याहून लवकर काळवंडते. म्हणून फडके आणि पॉलिश हे गाडीच्या हत्यारांइतकेच आवश्यक होते. ब्रिटनमध्ये 'ब्रासो' १९०५ साली बाजारात आले ते याच काळात. त्यात काय असते? अतिशय बारीक, कठीण भुकटी, ती तरंगत ठेवणारे तेलकट द्रव, आणि मळ सैल करायला थोडा अमोनिया. म्हणजे अर्धे काम घर्षणाचे, अर्धे रसायनाचे.

आपल्या स्वयंपाकघरात ही दोन कामे वेगळी दिसतात, आणि शिक्षकांना त्याचा चांगला उपयोग करता येईल. तांब्याचे काळवंडलेले भांडे अर्धे चिंचेने आणि अर्धे चाळलेल्या राखेने घासायला सांगा. चिंचेतील आम्ल वरचे ऑक्साइड विरघळवते. जोर लावावा लागत नाही, पण आधी पडलेले ओरखडे तसेच राहतात. राख मळ खरवडते आणि स्वतःचे नवे बारीक ओरखडे पाडते. भिंगातून दोन्ही बाजू पाहिल्या की फरक कळतो. तिसरी गोष्ट सावधगिरीची : धुण्याचा सोडा अ‍ॅल्युमिनियमला लावू नये. अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड आम्लात विरघळते तसेच अल्कलीतही विरघळते, आणि ते गेले की खालचा धातूही खाल्ला जातो. इंजिनाचे आवरण अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. 'कडक' पावडर लावून ते स्वच्छ करायला गेलेल्यांची आवरणे कायमची काळपट झालेली आम्ही पाहिली आहेत.

पण घासल्याने चकाकी येते म्हणजे नेमके काय होते? प्रश्न साधा दिसतो, पण त्यावर अडीचशे वर्षे एकमत नव्हते. न्यूटन स्वतः दुर्बिणीचे आरसे घासत असे. १७०४ च्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात त्याने मांडलेले मत सरळ आहे : मोठे ओरखडे लहान करत जायचे, ते इतके लहान झाले की डोळ्याला दिसत नाहीत, त्यालाच आपण गुळगुळीत म्हणतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्लासगोच्या जॉर्ज बिल्बी यांना सूक्ष्मदर्शकाखाली वेगळेच दिसले. घासलेल्या धातूवरचे ओरखडे कापले गेल्यासारखे न वाटता, वरून काहीतरी द्रवासारखे वाहून बुजल्यासारखे वाटत होते. आम्ल लावले की बुजलेले ओरखडे पुन्हा उघडे पडत. त्यांनी १९२१ च्या आपल्या ग्रंथात सांगितले, की घासताना पृष्ठभागाचा थर वाहतो.

मग १९३७ साली केंब्रिजमध्ये बाउडेन आणि ह्यूज यांनी जो प्रयोग केला तो आम्हाला फार आवडतो, कारण त्यात कापूर आहे. घासणारा पदार्थ धातूपेक्षा कठीणच असावा लागतो का, हा त्यांचा प्रश्न. कापूर तर नखाने कुस्करता येतो. पण तो सुमारे १७८ अंश सेल्सिअसला वितळतो, आणि वुड्स मेटल नावाचा मिश्रधातू ७० अंशांच्या आसपासच वितळतो. कापराने वुड्स मेटलला छान चकाकी आली. शिशासारख्या कापराहून उशिरा वितळणाऱ्या धातूवर मात्र त्याच कापराचा काही परिणाम झाला नाही. म्हणजे घर्षणाने टोके क्षणभर तापतात आणि त्या तापात जो आधी मऊ होतो तो हरतो, असा अर्थ त्यांनी लावला. बिल्बींची बाजू जिंकली असे वाटले. पण १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात लेनर्ड सॅम्युएल्स यांनी पृष्ठभागाचे छेद घेऊन बारकाईने तपासणी केली आणि दाखवले, की नेहमीच्या पॉलिशमध्ये धातू मुख्यतः कापलाच जातो, फक्त कण फार बारीक असतात. वरचा थर दबून, ताणून विस्कटतो हे खरे, पण तो पाण्यासारखा वाहत नाही. न्यूटनचे मत पुष्कळसे परत आले. कापराचा प्रयोग खोटा ठरला नाही. तो एका वेगळ्या परिस्थितीबद्दल बोलत होता.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की प्रत्येक पॉलिश म्हणजे थोडा धातू कमी होणे. पितळेचा दिवा घन पितळेचा असल्याने तो पन्नास वर्षे घासला तरी चालतो. मुलाम्याला मात्र तळ असतो.

आता क्रोमियमकडे वळू. १७९७ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वोकलँ यांनी सायबेरियातील एका तांबड्या शिशाच्या खनिजात हे नवे मूलद्रव्य ओळखले. त्याची संयुगे नाना रंगांची असतात म्हणून ग्रीक भाषेतील 'रंग' या शब्दावरून त्याला नाव मिळाले. पुढची शंभर वर्षे ते रंगासाठीच प्रसिद्ध राहिले. विजेच्या साहाय्याने क्रोमियमचा थर बसतो हे गॉयथर यांनी १८५६ मध्येच नोंदवले होते, पण तो कधी बसे, कधी बसत नसे. यातली गोम साठ-सत्तर वर्षांनी कळली. क्रोमिक आम्लाच्या द्रावणात थोडे सल्फेट असावे लागते, आणि तेही मापात : शंभर भाग क्रोमिक आम्लाला सुमारे एक भाग. ते मुळीच नसेल तर थर बसत नाही, जास्त झाले तरी बिघडतो. सार्जंट यांचे काम १९२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यानंतर कोलंबिया विद्यापीठात फिंक आणि एल्ड्रिज यांनी या सल्फेटाची कामगिरी उत्प्रेरकाची आहे हे ओळखले, आणि १९२४-२५ च्या सुमारास धंदा सुरू झाला. १९३० उजाडेपर्यंत ब्रिटिश मोटारसायकलींच्या पेट्रोलच्या टाक्याही क्रोमने चमकू लागल्या होत्या.

क्रोमियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचा एक अतिसूक्ष्म, पारदर्शक, घट्ट पापुद्रा येतो. तो खरवडला तर लगेच नवा येतो. त्यामुळे गंधकाच्या वायूने ते धुरकटत नाही. निकेलवर हा पातळ थर दिला आणि दर आठवड्याचे घासणे संपले. साबणाचे पाणी आणि मऊ फडके पुरे झाले.

एकटे क्रोमियम मात्र पुरत नाही. कोरियाच्या युद्धात (१९५०-५३) अमेरिकेत निकेल संरक्षणासाठी राखून ठेवले गेले, तेव्हा मोटारींच्या बंपरांवर निकेलशिवाय, तांब्यावरच क्रोम चढवून वर पारदर्शक लाखेचा हात देण्यात आला. हे बंपर अल्पावधीत खराब झाले. क्रोमियमच्या थरात सूक्ष्म भेगा आणि छिद्रे असतातच. पाणी आत जाते. निकेलचा थर पातळ असला तर ते पोलादापर्यंत पोचते. जस्ताची बादली ओरखडली तरी जस्त आधी झिजून लोखंडाला वाचवते. निकेल लोखंडापेक्षा कमी क्रियाशील, म्हणून इथे उलटे होते : छिद्रातले लोखंडच आधी गंजते. क्रोमवर तांबडे ठिपके येतात ते असे. तारेच्या काथ्याने ते घासून काढणारा मालक त्या पातळ थरालाच हात घालत असतो.

आता राहिला आमचा मूळ प्रश्न. मालकाचे घासणे संपले, पण घासणे संपले का? मुलामा ओरखडे झाकत नाही, उठून दाखवतो. म्हणून सायलेन्सरची नळी मुलाम्याआधी कुरुंदाच्या चाकावर, मग कापडी बफवर घासावी लागते. पूर्वी निकेल चढवल्यावरही बफ मारावा लागे. १९३० च्या दशकात जर्मनीत श्लॉटर यांनी द्रावणात सेंद्रिय द्रव्ये घालून निकेल मुळातच चकचकीत बसवण्याचे तंत्र काढले, तेव्हा ही एक पायरी वाचली. पहिली पायरी राहिलीच, आणि धातूची धूळ बफवाल्याच्या वाट्याला आली.

त्याहून वाईट टाकीजवळ होते. शाळेत तांब्याचा मुलामा देताना आपण धनाग्र तांब्याचाच घेतो. क्रोमच्या टाकीत धनाग्र शिशाच्या मिश्रधातूचे असते आणि सगळे क्रोमियम द्रावणातून येते. शिवाय विजेचा फार तर पाचवा हिस्सा धातू बसवण्यात खर्च होतो. बाकीची वीज मुख्यतः हायड्रोजन काढते. टाकी सतत फसफसते आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा क्रोमिक आम्लाचा तुषार हवेत उडवतो. हे षट्-संयुजी क्रोमियम आहे. त्वचेवर ते खोल व्रण पाडते, आणि नाकाच्या दोन पुड्यांमधल्या पडद्याला भोक पाडते. हे भोक बहुधा दुखत नाही, त्यामुळे कामगाराला पत्ताही लागत नाही.

ही माहिती उशिरा कळली असे म्हणता येणार नाही. क्रोमच्या रंगांच्या कारखान्यातील एका कामगाराला नाकाचा कर्करोग झाल्याची नोंद ग्लासगोच्या न्यूमन यांनी १८९० मध्येच केली होती. मुलाम्याचा धंदा सुरू होऊन चार वर्षेही झाली नव्हती, तोच १९२८ मध्ये ब्लूमफील्ड आणि ब्लम यांनी अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेसाठी कारखान्यांची पाहणी केली. हवेच्या दहा घनमीटरमध्ये एक मिलिग्रॅमहून जास्त क्रोमिक आम्ल रोज नाकात जाणे घातक, असे त्यांनी सांगितले आणि टाकीच्या काठावर हवा ओढून घेणारी व्यवस्था सुचवली. ब्रिटनने १९३१ मध्ये यासाठी खास नियम केले. कर्करोगाबद्दलचा आंतरराष्ट्रीय निर्णय मात्र पुष्कळ उशिरा आला, जेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने षट्-संयुजी क्रोमियमच्या संयुगांना निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले.

आपल्याकडे मद्रासला १९५५ पासून बुलेट जुळू लागली, १९६० च्या दशकात म्हैसूरला जावा तयार होऊ लागली, आणि गावोगावी 'क्रोम करून मिळेल' अशा पाट्या लागल्या. १९६३ च्या महाराष्ट्र कारखाने नियमांत क्रोमिक आम्लाचा मुलामा धोकादायक कामांत मोडत होता आणि हवा ओढून घेणारी यंत्रणा सक्तीची होती. पण गल्लीतल्या ज्या दुकानात दोन-तीनच माणसे राबत होती, ते दुकान सहसा 'कारखाना' या व्याख्येतच बसत नव्हते. मग टाकीवर तुषार दाबणारी फेस धरणारी द्रव्ये किंवा प्लास्टिकच्या गोळ्या टाकल्या जातात की नाही, हे मालकाच्या मर्जीवर राहिले.

त्रि-संयुजी क्रोमियमचे द्रावण पुष्कळ कमी घातक असते, आणि शोभेच्या मुलाम्यासाठी ते १९७० च्या दशकापासून उपलब्ध आहे. युरोपात २०१७ पासून षट्-संयुजी क्रोमियम वापरायला खास परवानगी लागते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२३ मध्ये शोभेच्या मुलाम्यासाठी ते टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले. तरी दुकानदार सहजासहजी बदलत नाहीत. नवे द्रावण सांभाळायला नाजूक असते, त्यात दुसऱ्या धातूंची थोडी भेसळही चालत नाही. आणि त्यातून निघालेली चकाकी जरा गडद असते : त्या रंगाचा सायलेन्सर जुन्या निळसर हँडलशेजारी बसवला, की गिऱ्हाईक म्हणते, हे क्रोम नाही.