गोधडीची नोंद

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली राज्यात औद्योगिक विकास महामंडळ आले. हा इतिहास कागदोपत्री आहे. पण गावाहून येथे आलेल्या कामगाराच्या वळकटीतील गोधडी कोणी नोंदली? जुन्या लुगड्यांचे थर, वर धावदोऱ्याचे टाके, आणि शिवणाऱ्या आईच्या मांडीशी ऊब धरून बसलेले मांजर! बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. घरच्यांनी त्यांची गाणी उतरवून घेतली, म्हणूनच १९५२ साली ती ग्रंथरूपाने आली. आम्ही मालकांकडे तासातासाचा हिशेब मागितला. घरातल्या टाक्यांचा मात्र कधी मांडला नाही. ती चूक आमचीच. आज घरी गेल्यावर गोधडी कोणी शिवली ते विचारा, आणि लिहून ठेवा.