मोटारीचा पुढचा पाय

ठाण्याला आगगाडी आली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, आणि पुढल्याच वर्षी ती कल्याणला पोचली. हे आपण शाळेत शिकलो. पण स्टेशनात उतरलेला उतारू पुढे घरी कसा गेला, हे कोणी विचारीत नाही. रुळाची वाट गुळगुळीत. बाहेरची मात्र खाचखळग्यांची. बैलगाडीला स्प्रिंग नसे. जो खड्डा चाकाला लागे, तोच बसणाऱ्याच्या मणक्याला लागे. टांग्याला पाटे आले तेव्हा थोडा जीव निवांत झाला. चाक आणि माणूस यांच्यामध्ये काहीतरी लवचीक हवे, एवढीच ती कल्पना. पण तिचाही इतिहास आहे, बरं का!

पाट्यांची अडचण अशी की, जुन्या गाडीत पुढची दोन्ही चाके एकाच आसाला जखडलेली असत. डावे चाक खड्ड्यात गेले की उजवेही कलायचे. म्हणून इंजिनिअर मंडळींनी दोन्ही चाकांची फारकत केली. प्रत्येक चाकाला स्वतःच्या भुजा आणि स्वतःची गुंडाळी स्प्रिंग दिली. हे स्वातंत्र्य आपल्याकडे घराघरांत पोचवले ते कुर्ल्याच्या फियाटने. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापली. पुढे फियाटशी करार झाला, आणि १९५४ पासून ‘अकराशे’ फियाट कुर्ल्याहून निघू लागली. तिच्याच वंशातली गाडी १९७४ पासून ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत मुंबईत धावली.

परंतु नुसती स्प्रिंग पुरत नाही. एकदा दबलेली स्प्रिंग वरखाली नाचतच राहते. तो नाच आवरण्यासाठी तेलाने भरलेली नळी लागते. आतला दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल ढकलतो आणि उसळी जिरवतो. आपले मेस्त्री तिला ‘शॉकअप’ म्हणतात. पद्मिनीत स्प्रिंग, भुजा आणि शॉकअप यांची कामे वेगवेगळी वाटलेली होती. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअराने पुढचा विचार केला. त्याने शॉकअपलाच खांब बनवले आणि त्याच्याभोवती स्प्रिंग बसवली. वरचे टोक गाडीच्या सांगाड्याला, खालचे चाकाच्या गाभ्याला. वरची भुजा गेली, जागा वाचली, खर्चही वाचला. हाच मॅकफर्सन स्ट्रट. ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सल आणि झेफर या गाड्यांत तो १९५० च्या सुमारास आला, आणि भारतात १९८३ च्या मारुतीने तो गल्लोगल्ली नेला.

आता आपल्या दाराशी या. प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी भागीदारी केली आणि कल्याणच्या कारखान्यातून १९९४ पासून ‘प्यूजो ३०९’ ही गाडी काढली. तिच्या पुढच्या अंगाला हेच स्ट्रट होते. पद्मिनी बनवणाऱ्या घराण्याचा एक पाय असा जुन्या पद्धतीत आणि एक नव्या पद्धतीत होता. मात्र हा संसार फार टिकला नाही. दशक संपण्यापूर्वीच त्या गाडीचे उत्पादन थांबले. डोंबिवलीला कल्याण-शीळ रस्त्यावर ‘प्रीमियरचे मैदान’ हे नाव तेवढे लोकांच्या तोंडी राहिले.

कारखाना गेला, तरी गाड्या मागे राहतात. ज्यांनी ३०९ जपून ठेवली, त्यांच्यापुढे एक खरा प्रश्न उभा राहतो. शॉकअपमधून तेल गळू लागले, ब्रेक मारताच नाक खाली जाऊ लागले, तर काय करायचे? मूळचा भाग म्हणून तोच ठेवायचा, की बदलायचा?

बदलणे हे कसबाचे काम आहे. गाडी जॅकवर नुसती उचलून भागत नाही, तिला भक्कम टेकू लागतो. चाक काढायचे, ब्रेकची नळी मोकळी करायची, चाकाचा गाभा खालून आधार देऊन धरायचा. नाहीतर तो बाहेर कलंडतो आणि इंजिनाकडून चाकाकडे येणारा दांडा ओढला जातो. मग खालचा बोल्ट, वरचे नट, आणि खांब हातात येतो. खरा धोका यापुढेच आहे. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये मोठी शक्ती कोंडलेली असते. तिला योग्य शिकंज्यात घट्ट धरल्याशिवाय मधला नट सोडला, तर ती गोळीसारखी सुटते. मेस्त्रीचा हात जाऊ शकतो, प्रसंगी जीवही. दोन्ही बाजूंचे स्ट्रट जोडीनेच बदलायचे. एक नवा, एक थकलेला, असे केले तर गाडी एका बाजूला ओढते. रबरी बूशांचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे, आणि मग चाकांची अलाइनमेंट तपासून घ्यायची.

माझे मत विचाराल, तर इतिहासाच्या मास्तराने ‘जुने ते जपा’ म्हणावे, अशी तुमची अपेक्षा असेल. पण गळका शॉकअप हा वारसा नव्हे. झिजणे आणि बदलले जाणे यासाठीच तो जन्माला आला. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाक जमिनीला धरून राहिले नाही, तर किंमत मालक एकटा देत नाही. समोरून येणारा सायकलवालाही देतो. सांगाडा, रंग, कागदपत्रे जपावीत. पाय मात्र धडधाकट असावेत.

जपायचे असेल, तर आणखी एक गोष्ट जपा. काढलेला भाग भंगारात टाकण्यापूर्वी त्यावर एक चिठ्ठी बांधा: कोणत्या गाडीचा, कोणत्या साली बदलला, जागी कोणता बसवला. आणि ज्या मेस्त्रीने तो बदलला, त्याच्याकडून कामाची रीत वहीत उतरवून घ्या. ताम्रपट टिकतो, कारण तो तांब्यावर कोरलेला असतो. मेस्त्रीची विद्या त्याच्या बोटांत असते, आणि ती बोटे थकली की तिचा मागमूस राहत नाही. कल्याणात एके काळी फ्रेंच घडणीची मोटार तयार होत होती, हे उद्याच्या विद्यार्थ्याला पटवून द्यायचे, तर त्या मैदानाच्या नावापेक्षा ती वहीच अधिक उपयोगी पडेल.