शिपायाचे मूल कोणी सांभाळायचे?

पाऊस ओसरला आणि दसरा उलटला की दख्खनेतील शिपाईगडी मुलुखगिरीस निघत. ते कोठवर गेले, कोणाशी लढले, किती खंडणी घेऊन परतले, हे इतिहासाने बारकाईने टिपून ठेवले आहे. पण ते निघाले तेव्हा दाराशी उभे असलेले त्यांचे लहान मूल पुढील आठ महिने कोणाच्या हाती वाढले आणि त्याच्या दुधाभाताचा खर्च कोणी सोसला, याची नोंद क्वचितच सापडते. आजचे हे चार शब्द त्या मुलासंबंधी आहेत. आणि ते सांगण्यास धार व देवास ही माळव्यातील दोन मराठी संस्थाने फार सोयीची आहेत.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पवारांचे घराणे माळव्यात उतरले. उदाजी आणि आनंदराव यांच्या पराक्रमाने धार, तर तुकोजी आणि जिवाजी या बंधूंमुळे देवास, अशी दोन ठाणी मराठ्यांची झाली. त्यांच्यामागे गेलेल्या सामान्य शिपायाचे घर मात्र बहुधा दख्खनेतच राहिले. चाकरी नर्मदेपलीकडे आणि पाळणा भीमेकाठी, अशी ही विभागणी होती. पाळणा हलवणारे हात आजीचे, जावेचे, आत्याचे असत. त्या हातांना पगार नव्हता. आणि शिपायाचा पगार तुंबला की सावकाराची पायरी चढण्याची पाळीही त्याच हातांवर येई.

मराठी राज्याने या मुलाचा विचारच केला नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. अफझलखानाच्या प्रसंगानंतर शिवछत्रपतींनी रणात पडलेल्यांच्या मुलांना चालविले आणि ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या बायकांना निमे वेतन बांधून दिले, असे सभासदाने लिहून ठेवले आहे. पेशवाईत या नेमणुकीला ‘बालपरवेशी’ हे सुंदर नाव होते. मुलाचे पालनपोषण हा उपकार नसून लष्कराच्या खर्चाचाच एक भाग आहे, ही जाण त्या शब्दात आहे. उणीव एवढीच, की ही व्यवस्था शिपाई पडल्यावर सुरू होई. तो जिवंत असून दूर असे, तोवर मूल ही घराची चिंता राही.

सरदारांच्या मुलांची स्थितीही निर्वेध नव्हती. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर धारचे यशवंतराव पवार पडले, तेव्हा त्यांचा पुत्र खंडेराव अवघा अडीच वर्षांचा होता. कारभार माधवराव ओरेकरांच्या हाती गेला आणि संस्थान लवकरच अडचणीत आले. पुढे १७७४ मध्ये रघुनाथरावांनी आपले कुटुंब आसऱ्यासाठी धारच्या किल्ल्यात ठेवले. बाहेर वेढा आणि आत गरोदर आनंदीबाई, अशा अवस्थेत शेवटच्या बाजीरावाचा जन्म तेथे झाला. खंडेरावांचा पुत्र आनंदराव तर पित्याच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी जन्मला. तो आजोळी बडोद्यास वाढला आणि १७९७ मध्ये, सतराव्या वर्षी, धारेस परतला. आजोळ नसते तर तो वाचता ना, असेच वाटते.

१८०७ मध्ये आनंदरावही गेले. त्यांच्या पत्नी मैनाबाई त्या वेळी गरोदर होत्या. घरातील शत्रूंच्या भीतीने त्या मांडवगडास गेल्या, तेथे रामचंद्ररावांना जन्म दिला आणि मूल पोटाशी धरून संस्थान राखले. तेही मूल वाचले नाही, तेव्हा बहिणीचा मुलगा दत्तक घेऊन त्यांनी त्याला तेच नाव दिले. देवासच्या थोरल्या पातीतही तुकोजीरावांची गादी दत्तकानेच पुढे चालली. तलवारीने मिळविलेली राज्ये अखेर बालसंगोपनावर टिकली, हे आपण विसरतो.

१८१८ मध्ये धारपासून जवळच महूची छावणी वसली. इंग्रजी लष्कराने शिपायांच्या मुलामुलींसाठी शाळा चालविल्या. सुभेदार रामजी सकपाळ हे तशाच लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते आणि महूसच १८९१ मध्ये डॉ. आंबेडकरांचा जन्म झाला. शिपायाच्या मुलावर केलेला खर्च देशाला कोठवर नेतो, याचे याहून थोर उदाहरण शोधण्याची गरज नाही.

आज महू हे सेनेच्या शिक्षणाचे मोठे केंद्र आहे. मुलाच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारच्या सेवकांप्रमाणे सैनिकालाही भत्ता मिळतो. १ जानेवारी २०२४ पासून तो दोन मुलांपुरता, दरमहा प्रत्येकी २८१२ रुपये ५० पैसे झाला आणि वसतिगृहासाठी ८४३७ रुपये ५० पैसे ठरले. १९६६ मध्ये स्थापन झालेली सेना पत्नी कल्याण संघटना कुटुंबांच्या साह्याला असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसूती, बालसंगोपन आणि दत्तक यांसाठीच्या रजेचे नियम महिला अधिकाऱ्यांप्रमाणेच महिला जवानांनाही लागू करण्याचा निर्णय झाला. अमेरिकेत १९८९ च्या कायद्याने सैनिकांच्या मुलांसाठी पाळणाघरे उभारून त्यांची फी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरविली आणि उरलेला भार सरकारने उचलला.

आपला शिक्षणभत्ता मात्र बालवर्गापासून सुरू होतो. पानिपताच्या दिवशी खंडेराव ज्या वयाचा होता, त्या वयाचे मूल आजही त्या हिशेबाबाहेर राहते. पती सरहद्दीवर असताना पत्नी शाळेत वा दवाखान्यात नोकरी करीत असेल, किंवा ती स्वतःच गणवेशात असेल, तर त्या तान्ह्याला कोणाजवळ ठेवावे? गावाकडील आजी दर बदलीच्या ठिकाणी येऊ शकत नाही.

बालपरवेशी हा जुना शब्द आपण दप्तरात ठेवून दिला आहे. तो पुन्हा व्यवहारात आणावा आणि या वेळी त्याचा अर्थ थोडा रुंदावावा. बाप पडल्यावर मुलाला पोसणे हा राज्याचा धर्म खराच. पण बाप किंवा आई पहाऱ्यावर उभी असताना त्यांचे मूल सांभाळणे, हाही त्याच धर्माचा भाग आहे.