प्रथिनमापन, रासायनिक लेबलांद्वारे : आयर्लंडमधील कार्य

पेशी, ऊतक किंवा रक्तद्रव यांतील प्रथिनांना ठरावीक वस्तुमानाचा वा रंगाचा रासायनिक गट जोडून दोन किंवा अधिक नमुन्यांतील त्यांची प्रमाणे ताडून पाहण्याच्या पद्धती. मास स्पेक्ट्रोमीटर वस्तुमान अचूक सांगतो, राशीबाबत मात्र तो भरवशाचा नाही. सारख्याच राशीतील दोन पेप्टाइडे आयनीभवनानंतर सारखा संकेत देत नाहीत; तेच पेप्टाइड दुसऱ्या फेरीत वेगळा संकेत देऊ शकते. नमुन्यांना निरनिराळी लेबले लावून ते एकत्र केले आणि एकाच फेरीत मोजले, की हा दोष सर्वांना सारखा लागतो. हाती येते ते गुणोत्तर. निरपेक्ष राशी नव्हे.

प्रमुख रीती : स्टीव्हन गिगी, रूडी एबरसोल्ड व सहकारी यांनी १९९९ मध्ये मांडलेली आयकॅट रीत सिस्टीनच्या गंधकाला पकडते. तिच्या जड रूपात हायड्रोजनाऐवजी ड्यूटेरियमचे ८ अणू असतात. ज्या प्रथिनात सिस्टीन नाही ते या रीतीत निसटते. शिवाय ड्यूटेरियममुळे स्तंभातून बाहेर पडण्याची वेळ किंचित सरकते, म्हणून पुढच्या आवृत्तीत कार्बन-१३ आला. टीएमटी (२००३) आणि आयट्रॅक (२००४) या रीतींतील लेबले पेप्टाइडाचे अमिनो टोक व लायसिन यांना जोडली जातात. सर्व लेबलांचे एकूण वस्तुमान सारखे असते. रेणू यंत्रात फोडल्यावरच ‘वार्ताहर’ आयन सुटे होऊन नमुना ओळखू येतो. आठ नमुन्यांच्या आयट्रॅक संचात ११३ ते ११९ आणि १२१ हे आयन वापरतात. १२० गाळला आहे, कारण त्या जागी फेनिलॲलॅनिनचा स्वतःचा तुकडा येतो. सोबत फुटणाऱ्या परक्या पेप्टाइडांमुळे गुणोत्तरे १ कडे झुकतात, हा या कुळाचा मोठा दोष होय. फॉर्माल्डिहाइड वापरणारी डायमेथिल रीत स्वस्त आहे.

डीआयजीई : पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली, प्रथिने द्विमितीय जेलवर ठिपक्यांच्या रूपात विलग करणारी ही रीत सर्वच लेखक वरील गटात धरत नाहीत, कारण तिच्यात मोजणी अनुदीप्तीने होते आणि मास स्पेक्ट्रोमीटर केवळ ओळख पटवतो. आयर्लंडमधील स्नायुसंशोधन बराच काळ याच रीतीवर उभे असल्याने येथे तिचा समावेश केला आहे. साय-२, साय-३ व साय-५ ही रंगद्रव्ये लायसिनला जोडतात. लायसिनचा नाहीसा होणारा धनभार रंगद्रव्य स्वतःच्या धनभाराने भरून काढते, त्यामुळे जेलवरील ठिपका भाराच्या दिशेने हलत नाही. प्रथिनाच्या साधारण ३ टक्के रेणूंनाच रंग लावायचा, असा दंडक आहे. त्यामुळे एक अडचण येते. दिसणारा ठिपका सुमारे ५०० डाल्टनने जड झालेल्या मोजक्या रेणूंचा असतो आणि बहुतांश प्रथिन त्याच्या किंचित खाली असते. लहान प्रथिनांत हा फरक जाणवतो, म्हणून कापण्यापूर्वी जेल पुन्हा रंगवतात. सर्व नमुन्यांचा थोडाथोडा अंश मिसळून साय-२ ने रंगवलेले मिश्रण प्रत्येक जेलमध्ये असते आणि इतर ठिपके त्याच्याशी ताडले जातात. ही सोय वाटते तेवढी किरकोळ नाही. जेलागणिक पडणारा फरक तिनेच आटोक्यात आला.

मेनूथ : किल्डेअर परगण्यातील मेनूथ विद्यापीठात काय ओलेंडिक यांच्या गटाने ड्यूशेन स्नायुक्षयाचे प्रतिरूप असलेल्या एमडीएक्स उंदरावर डीआयजीई रीत वापरली. श्वासपटलाचा स्नायू निवडण्यामागे कारण होते : या उंदरात मानवी रोगाशी सर्वाधिक जुळणारी हानी तेथेच होते. ‘प्रोटिऑमिक्स’ या नियतकालिकात २००६ मध्ये आलेल्या निबंधात सीव्हीएचएसपी हे उष्माघात-प्रथिन या स्नायूत मोठ्या प्रमाणात वाढल्याचे दाखवले आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात कॅल्शियमशी निगडित रेग्युकॅल्सिन घटल्याची नोंद आहे. मूळ दोष ज्या प्रथिनाचा, ते डिस्ट्रॉफिन ४२७ किलोडाल्टनचे असल्याने द्विमितीय जेलमध्ये नीट शिरतच नाही. त्यामुळे रोगाचे कारण जेलबाहेर राहिले आणि जेलवर त्याचे परिणाम मोजले गेले. प्रस्तुत नोंदीच्या लेखकाच्या मते त्यामुळे कामाचे मोल कमी होत नाही. औषधाचा गुण येतो का हे तपासताना असे दुय्यम बदलच उपयोगी पडू शकतात.

पुढे बॉन विद्यापीठ व डब्लिन सिटी विद्यापीठ यांच्या सहकार्याने हा गट लेबलविरहित मोजणीकडे वळला. एमडीएक्स हृदयात लॅमिनिन व निडोजेन घटल्याचे (२०१३) आणि अनेक स्नायूंत ॲनेक्सिन, लॅमिन व व्हायमेंटिन ही प्रथिने रोगाच्या सामाईक खुणा असल्याचे (२०१५) निष्कर्ष या नव्या मार्गाचे आहेत. लेबल सोडल्याने अचूकता किती कमी होते, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही.

डब्लिन : युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमधील कॉनवे संस्थेत द्विमितीय जेल तंत्राचे जुने जाणकार मायकल डन आणि प्रोस्टेट कर्करोगाच्या प्रथिन-खुणांवर काम करणारे स्टीफन पेनिंग्टन यांनी प्रथिनसंच-संशोधन केले. डन हे ‘प्रोटिऑमिक्स’चे मुख्य संपादक होते. एडवर्ड जोसेफ कॉनवे (१८९४–१९६८) यांचे नाव या संस्थेला आहे. अमोनियासारखे पदार्थ अत्यल्प राशीत मोजण्याची त्यांची सूक्ष्मविसरण बशी जुन्या जीवरसायन प्रयोगशाळांत परिचित होती. मानवी प्रथिनसंच संघटनेचे, म्हणजे हुपोचे, जागतिक अधिवेशन सप्टेंबर २०१७ मध्ये डब्लिनला भरले.

उद्योग : मास स्पेक्ट्रोमीटर बनवणाऱ्या वॉटर्स कंपनीचा कारखाना वेक्सफर्ड येथे आहे.

भारतातील समांतर कार्य : मुंबईच्या आयआयटीत संजीवा श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेने हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तद्रवाचा अभ्यास डीआयजीई व आयट्रॅक या दोन्ही रीतींनी केला आहे.